ज्याला कुणी भेटायला येत नाही

३ मार्च, शुक्रवार

कामाची वही वेगळी आहे. ती वॉर्डनसाहेब बघणार, मग प्रांताच्या कचेरीत जाणार, म्हणून तिच्यात मी शहाण्यासारखं लिहीन. ही वही माझी. हिच्यात वाटेल ते लिहीन.

तर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी तुरुंगात गेले. एकतीस वर्षं कॉलेजात पोरापोरींची रडगाणी ऐकली, त्याला समुपदेशन म्हणत. निवृत्त झाल्यावर आठ महिने घरात माशा मारल्या. मग चिठ्ठी आली की जिल्हा तुरुंगात नाताळपासून चौदा मारामाऱ्या झाल्या आहेत, एक माणूस मेला आहे, तेव्हा मानसशास्त्राच्या दृष्टीने कारणं शोधून द्या. मुदत सहा महिने. शिवाय ‘धोकादायक’ कैद्यांची यादी करायची, म्हणजे त्यांना मनिलाच्याही पलीकडे, दूरच्या बेटावरच्या मोठ्या तुरुंगात धाडता येईल. लिएझेलला मिलानला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मा, तुला दुसरं काही सुचलं नाही?” मी म्हटलं, सुचलं असतं तर चर्चमध्ये फुलं लावत बसले असते.

मला बसायला कोठीची खोली दिली आहे. एका बाजूला तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला दवाखान्याचं कपाट. पंखा फिरताना दर फेरीला कण्हतो. एकशेवीस माणसांची जागा, आत सहाशे दहा. तीन पाळ्यांत झोपतात. मी आज एवढंच पाहिलं आणि कारण सापडलं असं वाटलं. इतक्या गर्दीत कोंबड्याही एकमेकींना टोचतात.

१० मार्च, शुक्रवार

कपाळावर हात मारायची वेळ आली आहे. परदेशी प्रश्नावली आणली होती, चाळीस प्रश्न, आमच्या बिकोल बोलीत मी स्वतः उतरवले. ‘गेल्या आठवड्यात विनाकारण राग आला का?’ “नाही, मॅम.” ‘कुणाला मारावंसं वाटलं का?’ “छे, मॅम.” एकाने तर पेन्सिल हातात घेऊन प्रेमाने विचारलं, “किती लिहू, मॅम? म्हणजे तुमचं काम नीट झालेलं दिसेल?” आतापर्यंत दोनशे जण तपासले. दोनशेच्या दोनशे संत निघाले.

चार नंबरच्या कोठडीचा मेयर बास्तियान मात्र हसत नव्हता. मेयर म्हणजे कैद्यांनीच मानलेला पुढारी. झोपायच्या पाळ्या, पाण्याच्या पाळ्या, भांडणांचा निवाडा, सगळं त्याच्याकडे. साठीचा आहे, पूर्वी फेरीबोटीवर इंजिन बघायचा. त्याने प्रश्नावली उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

“मॅम, ह्यात बुर्योंगचा प्रश्न नाही.”

“ते काय असतं?”

“आतल्या माणसाला होतं. आधी बोलायचं बंद होतं. मग जेवण नको. मग एक दिवस शेजाऱ्याने चमचा वाजवला म्हणून त्याचं डोकं फोडतो.”

“म्हणजे कंटाळा.”

“कंटाळ्याने माणूस झोपतो, मॅम. बुर्योंगने झोप जाते.”

कामाच्या वहीत मी ‘स्थानिक समजूत’ असं लिहून ठेवलं.

१९ मार्च, रविवार

आज भेटीचा दिवस पाहायला मुद्दाम गेले. इथे जाळी नाही. घरची माणसं डबे घेऊन थेट अंगणात येतात, चटया पसरतात, जेवतात. मला वाटलं, केवढा गोंधळ होईल. उलट देवळात गेल्यासारखं वाटलं. सकाळपासून एकही उघड्या अंगाचा माणूस नाही. ज्यांच्याकडे कुणी येणार नाही ते भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि कुणाची बायको जवळून जाऊ लागली की मानसुद्धा खाली घालतात. एका लहान मुलीचा चेंडू घरंगळत एका दरोडेखोराच्या पायाशी गेला. त्याने भिंतीवरची नजर न हलवता टाचेने चेंडू मागे ढकलला.

मी बास्तियानला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “भेटीला आलेलं माणूस देवाचं. त्याच्याकडे बघायचं नाही. त्याच्याविषयी बोलायचं नाही. त्याच्यावरून थट्टा तर अजिबात नाही.”

“आणि केली तर?”

“ज्याच्याकडे ते माणूस आलं, तो बघून घेतो. नाही बघितलं तर आत त्याला माणूस म्हणून कुणी विचारत नाही.”

स्वैपाकघराच्या दाराशी एक जण सगळ्यांकडे पाठ करून खवणीवर नारळ खवत होता. शेजारी वाट्यांचा ढीग. क्रिसांतो हागोस, अडतीस वर्षांचा. दारूच्या भरात भांडण होऊन त्याच्या हातून माणूस मेला. नऊ वर्षं आत आहे आणि खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. पहिली तीन वर्षं आई यायची. ती वारली. बायको मनिलाला गेली ती गेलीच. बास्तियान म्हणाला की भेटीच्या दिवशी नारळ खवायचं काम क्रिसांतो दुसऱ्या कुणाला देत नाही.

२ एप्रिल, रविवार

शेजारच्या कोंबड्याला चप्पल फेकून मारली. चुकली, त्यांच्या कुंडीला लागली. अंडीवाल्याशीही वाजलं, त्याने पिशवीत एक तडकलेलं घातलं होतं. तडकलेलं म्हणजे सांडलेलं नव्हे, तरी मी रस्त्यावर उभी राहून त्याच्या आईवडिलांपर्यंत पोचले. ऊन फार आहे, दुसरं काय.

लिएझेलचा फोन दोन रविवार आला नाही. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, त्याच्यात वेळेचा घोटाळा झाला असणार.

२० एप्रिल, गुरुवार

सापडलं!

चौदा मारामाऱ्यांची कागदपत्रं लावली. गर्दीशी जुळत नाही, सगळ्यात गच्च कोठडीत एकच भांडण. आधीच्या गुन्ह्यांशी जुळत नाही, खुनी गप्प आणि मोबाइलचोर हाणामारी करणारे. वयाशी नाही, उन्हाशी नाही. मग सहज भेटींची नोंदवही शेजारी ठेवली. चौदापैकी अकरा भांडणं अशांनी सुरू केली ज्यांच्याकडे वर्षभरात कुणीही आलेलं नाही. कोठीत मी एकटीनेच टाळी वाजवली. तांदळाच्या पोत्यांना काही वाटलं नाही.

धावत जाऊन बास्तियानला सांगितलं. तो चष्मा शर्टाला पुसत राहिला.

“हे आम्हाला ठाऊक होतं, मॅम.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही राग किती येतो ते विचारलंत. कोण येतं ते कुठे विचारलंत?” मग चष्मा लावून त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुमच्याकडे कोण येतं, मॅम?”

ह्याच्याशी त्याचा काय संबंध? मी त्याच्या कागदावर ‘उद्धट’ असं लिहिलं आणि निघून आले. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली आणि मुलगी परदेशी असली म्हणजे काय माणूस रस्त्यावर पडलं? माझं घर आहे, पेन्शन आहे, रेडिओ आहे.

३० एप्रिल, रविवार

औषधही साधंच आहे. ज्यांना कुणी नाही त्यांच्याकडे कुणीतरी जायचं. चर्चच्या महिला मंडळात मी अर्धा तास बोलले, बाराजणींनी हात वर केले. आज फाटकाशी मी एकटीच. एकीचा पाय मुरगळला, एकीकडे पाहुणे, बाकीच्यांनी कारण सांगायचाही त्रास घेतला नाही.

मग मीच गेले. शास्त्र म्हणून एका माणसापासून सुरुवात करायची ठरवली, आणि ज्यांना कुणी नाही अशांच्या यादीतून क्रिसांतो हागोस निवडला. त्याच्या नावावर दोन मारामाऱ्या आहेत आणि चौदा ऑगस्टला त्याची तारीख आहे. त्याला सरकारने दिलेला बचावाचा वकील म्हणतो, सगळी शिक्षा लागली असती तरी चांगल्या वागणुकीची सूट धरून ती भोगून झाली. तोवर नवी नोंद नको, माझा दाखला हवा, की न्यायाधीश त्याला घरी सोडतील. घर म्हणजे धाकट्या भावाची बोट आहे, तो ठेवून घ्यायला तयार आहे.

प्रयोग खरा व्हावा म्हणून कचेरीच्या दाराने न जाता भेटवाल्यांच्या रांगेत उभी राहिले. डब्यात भात आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. फाटकावरच्या सार्जंट लुमिबाओने नोंदवही मिटली. “तुमचं नाव इथे कशाला, मॅम? तुम्ही कचेरीच्या. जा आत.”

क्रिसांतोने कुणाचा तरी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो पाठीत तंग होता. चटई पसरली, कोपरे चारदा सरळ केले. मी प्रश्न विचारायचे आणि तो “हो मॅम, नाही मॅम.” मग जेवला. अर्धं बाजूला काढून ठेवलं, कोठडीतल्यांसाठी. शेवटी म्हणाला, “मीठ जास्त झालंय, मानाय.”

मानाय म्हणजे थोरली बहीण. आत मला आजवर कुणी मॅमशिवाय हाक मारली नव्हती. कामाच्या वहीत लिहिलं: ‘पहिल्याच भेटीत सामाजिक मोकळेपणात वाढ.’

१४ मे, रविवार

मीठ बरोबर. तिखट कमी म्हणाला. तोंड बघा ह्याचं! नऊ वर्षं तुरुंगाची पेज पिऊन हा माझ्या स्वैपाकाची परीक्षा घेतो.

आईच्या आजाराविषयी बोलला. ती शेवटच्या भेटीला आली तेव्हा त्याच दिवशी कोठडीची झडती होती, तिला फाटकावरून परत पाठवलं. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. मी नुसता आणखी भात वाढला. एकतीस वर्षांचा अनुभव म्हणे.

निळा ब्लाउज घातला होता. प्रयोगात सातत्य हवं, भेटीला येणारं माणूस ओळखू यायला हवं.

४ जून, रविवार

पाच आठवड्यांत त्याच्याकडून एकही तक्रार नाही. झोप लागते म्हणतो. बास्तियान सांगतो की आता तो भेटीच्या दिवशी सकाळी सकाळीच नारळ खवून मोकळा होतो.

लिएझेलचा फोन आला तेव्हा मी तिकडे होते. परत केला तर उचलला नाही. असू दे. सांगायला पुष्कळ होतं, पण तिला तुरुंगातलं ऐकवत नाही.

अंडीवाल्याने दोन अंडी जादा दिली. माझा चेहरा हल्ली बरा दिसतो म्हणाला.

९ जुलै, रविवार

क्रिसांतोच्या भांडणतक्रारींचा आलेख काढला. रेघ कशी खाली उतरत आली आहे! वॉर्डनसाहेबांनी भिंतीवर लावला. ह्यापुढे परगण्यातल्या सगळ्या चर्चना पत्रं पाठवायची असं ठरलं.

बास्तियानने आलेख लांबून पाहिला. “मॅम, एक सांगू? ज्याच्याकडे गमवायला काही नाही तो बुर्योंगने मारतो. ज्याच्याकडे आहे तोही मारतो, पण वेगळ्या कारणाने. तुमच्या कागदावर एकच रेघ आहे.”

“मेयर, तुम्हाला चांगलं बघवत नाही.”

“बघवतं, मॅम. क्रिसांतो आता भाग्यवान माणूस आहे. भाग्यवान माणसाला फार सांभाळावं लागतं.”

म्हातारा कोड्यात बोलतो. मी एवढंच समजले की त्यालाही डबा हवा असेल. पुढच्या वेळी थोडं जास्त नेईन.

२१ जुलै, शुक्रवार

रेनांटेची मुलाखत झाली. ह्याच चार नंबरच्या कोठडीतला, सव्वीस वर्षांचा, तोंडाने फटकळ. माझ्या यादीत तो अकरावा. त्याच्याकडेही कुणी येत नाही, पण हा नारळ खवत बसणाऱ्यांतला नाही, सगळ्यांच्या नकला करतो. वॉर्डनसाहेबांची नक्कल इतकी हुबेहूब केली की मला पाणी प्यावं लागलं.

जाता जाता दारात थांबून म्हणतो, “मॅम, निळा ब्लाउज घालून दर रविवारी क्रिसांतोकडे जाता. त्या रेड्यात काय ठेवलंय? माझा नंबर कधी? मी तर अजून तरणा आहे.”

माझ्या वयाला असलं कुणी बोलत नाही. मी डस्टर उगारला, “चल नीघ, मेल्या!” तो पळाला. मग किती तरी वेळ एकटीच हसत होते.

२३ जुलै, रविवार

आज बोलायला विषय कमी पडला, म्हणून रेनांटेचा किस्सा सांगितला. नकलेसकट, ‘माझा नंबर कधी’सकट. क्रिसांतो हसेल असं वाटलं होतं. त्याने चमचा खाली ठेवला. परत उचललाच नाही.

“दात दुखतोय का?” मी विचारलं.

“हो, मानाय.”

“दवाखान्यात सांगू का?”

“नको.” मग थोड्या वेळाने, “आणखी कोण होतं तिथे? कुणी ऐकलं?”

“पाण्याच्या पाळीचे दोघं-तिघं असतील बाहेर. तेही हसले.”

तो डब्याला झाकण लावत बसला. लावलेलं काढून पुन्हा लावलं. आज लवकर जा म्हणाला, आभाळ भरलंय. आभाळ काही भरलं नव्हतं. बाकी तब्येत ठीक. चौदा तारखेला बावीस दिवस उरले.

२४ जुलै, सोमवार

नाही. हे मी लिहू शकत नाही.

२६ जुलै, बुधवार

लिहिते.

सोमवारी सकाळी दहा वाजता, स्वैपाकघराच्या दाराशी, क्रिसांतोने खवणी पाटासकट उचलली आणि रेनांटेच्या डोक्यात घातली. एकदाच. मग खवणी जागेवर ठेवली आणि हात पुढे करून उभा राहिला. रेनांटेची कवटी फुटली आहे. जगेल म्हणतात, डावा डोळा गेला.

मी त्याला एकांतकोठडीच्या खिडकीतून विचारलं, “का? वीस दिवस राहिले होते, का रे?” तो भिंतीकडे बघून म्हणाला, “डोकं फिरलं, मॅम.”

मॅम म्हणाला.

बास्तियानकडे गेले. तो मला बसायलाही म्हणाला नाही. “सोमवार ते शुक्रवार तुम्ही कचेरीच्या. तुमच्यावर कुणी काही बोललं तर ते कचेरी बघेल. पण रविवारी तुम्ही रांगेतून येता, चटईवर बसता, डबा उघडता. मग तुम्ही त्याच्या. रेनांटे शुक्रवारी बोलला, म्हणून आम्ही ऐकलं नाही असं केलं. मी पोरांना दम देऊन तोंडं बंद केली होती. क्रिसांतोला कळलं नसतं तर काही झालं नसतं.”

“मी सांगितलं त्याला.”

“हो. आणि ज्याची भेटवाली स्वतः सांगते, त्याने काय करायचं? हसायचं?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवशी कुणी बोलायला मिळालं म्हणून मी बोलले. रेनांटेला तरी काय हवं होतं? त्यालाही कुणीतरी यायला हवं होतं. यादीत त्याचं नाव अकरावं मीच लिहिलं होतं. दोघांनाही मीच ह्यात घातलं. मुद्दाम नाही, पण घातलं.

२ ऑगस्ट, बुधवार

वॉर्डनसाहेबांचा अहवाल तयार आहे. ‘कोणतेही कारण नसताना प्राणघातक हल्ला. मूळ स्वभाव हिंसक. बेटावर पाठवावे.’ खाली माझी सही हवी. आलेख भिंतीवरून काढला आहे, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिलेत.

मी म्हटलं, कारण आहे. मी लिहून देते, सरकारी वकिलांच्या चौकशीत सांगते. डिवचल्यामुळे मारलं असं ठरलं तर गुन्हा हलका होतो. साहेब मला घरच्या नावाने हाक मारून म्हणाले, “मानाय पुरिंग, तुमच्या वयाला हे शोभेल का? उद्या बाजारात लोक काय बोलतील? कैद्याने तुमच्यावरून मारामारी केली म्हणून?” ते वाईट हेतूने बोलले नाहीत. मला एक दिवस विचार करायला सांगितला.

विचार केला. बाजारात काय बोलतील ते मला चांगलं ऐकू येतं, कारण आजवर दुसऱ्यांविषयी मीच ते बोलत आले. अंडीवाला, चर्चमधल्या बारा जणी, लिएझेलची सासरची माणसं. भीती वाटते. खोटं कशाला बोलू, फार भीती वाटते. तरी सांगणार.

१० ऑगस्ट, गुरुवार

चौकशी वॉर्डनसाहेबांच्या खोलीत झाली. सरकारी वकिलांची मदतनीस आली होती, लिएझेलच्या वयाची. मी सगळं सांगितलं. रविवार, डबे, निळा ब्लाउज, रेनांटेचे शब्द, माझं हसणं, मी ते क्रिसांतोला सांगितलं ते. सांगताना कान तापले, पण एकही शब्द गाळला नाही.

मग तिने बास्तियानला बोलावलं. “ह्या बाई आरोपीला भेटायला येत होत्या का?”

“मॅम कचेरीच्या आहेत. कामासाठी सगळ्यांशी बोलतात.”

सार्जंट लुमिबाओने नोंदवही उघडून दाखवली. तीस एप्रिलपासून माझं नाव एकदाही नाही. “कामासाठी येत होत्या,” तोही तेच म्हणाला. पाण्याच्या पाळीचे तिघे: कुणी काही ऐकलेलं नाही. इस्पितळातून रेनांटेचा जबाब आला होता, दोन ओळींचा. ‘मी कुणाविषयी काही बोललो नाही. का मारलं माहीत नाही.’ एक डोळा गेला तरी त्याने नियम मोडला नाही.

शेवटी क्रिसांतोला आणलं, हातात बेड्या. मी खुर्चीतून अर्धी उठले. मदतनीस म्हणाली, “ह्या सांगतात की त्या दर रविवारी तुला भेटायला येत होत्या. त्यांच्याविषयी कुणीतरी घाण बोललं म्हणून तू मारलंस. हे खरं असेल तर तुझ्याच फायद्याचं आहे. नीट विचार करून सांग.”

तो दाराच्या चौकटीकडे बघत होता.

“मला भेटायला कुणी येत नाही, बाई. आई वारल्यापासून कुणी आलं नाही.”

“मी येत होते!” मी ओरडले. खरंच ओरडले, कॉलेजात कधी ओरडले नव्हते तशी. “अळूची पानं कोण आणत होतं? मीठ जास्त झालं म्हणून कुणाला सांगत होतास? बोल ना!”

“मॅम चांगल्या आहेत,” तो तिला म्हणाला. “मला वाचवायला सांगतात. त्यांचं नाव लिहू नका.”

मदतनीस मला हळू आवाजात म्हणाली, बसा, मानाय, पाणी घ्या. तिने लिहून घेतलं ते मला समोरून उलटं वाचता आलं. ‘भेटीस येणारे: कोणी नाही. हल्ल्याचे कारण: नाही.’

सगळ्यांनी मिळून माझी अब्रू राखली. खुनी, चोर, तो एका डोळ्याचा पोरगा, सगळ्यांनी. माझी अब्रू राखली आणि त्याला बुडवलं. इतका राग आला की त्या कण्हणाऱ्या पंख्यावर खुर्ची फेकावीशी वाटली. घरी येऊन बशी फोडली. एक फोडून भागलं नाही, तीन फोडल्या.

१४ ऑगस्ट, सोमवार

आज तो सुटायचा होता. न्यायालयात पाच मिनिटं लागली. जुनी सूट रद्द, नवा खटला दाखल. वकील म्हणाला, ह्याचा निकाल लागायला सहा-सात वर्षं धरा. जागा होईपर्यंत बेटावर नेणार नाहीत, इथेच राहील. धाकटा भाऊ बोट रंगवून आला होता, नखांत हिरवा रंग होता. मला ओळखत नव्हता. मी त्याला काही सांगितलं नाही.

माझ्या अंदाजाने तो सुटेल तेव्हा मी पासष्टीची असेन.

२७ ऑगस्ट, रविवार

लिएझेलचा फोन. नाताळला येणं जमणार नाही. मी म्हटलं बरं. ती म्हणाली, “मा, रागावली नाहीस ना?” मी म्हटलं, “रागावले आहे. गेली चार वर्षं रागावलेली आहे. कोंबड्यांना चपला मारते.” मग ती रडायला लागली आणि मीही. पुढच्या रविवारी फोन करते म्हणाली. मी म्हटलं, रविवारी नको, रविवारी मी घरी नसते.

३१ ऑगस्ट, गुरुवार

अहवाल दिला. वॉर्डनसाहेबांच्या कागदावर सही केली नाही, माझा वेगळा लिहिला. मी जे केलं ते त्यात आहे. वाचतील की कपाटात टाकतील ते त्यांचं ते बघतील. सहा महिन्यांची मुदत आजच संपली, साहेब आणखी सहा महिने देणार होते. मी नको म्हटलं. कचेरीची ओळखपाटी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

“आता करणार काय, मानाय?” साहेबांनी विचारलं.

म्हटलं, रांगेत उभी राहणार.

३ सप्टेंबर, रविवार

सकाळी सहाला उठून पानं चिरली. फाटकाशी माझ्यापुढे नऊ बायका होत्या. एकीने विचारलं, “तुमचा कोण आहे आत?” मी म्हटलं, धाकटा भाऊ.

नोंदवहीपाशी सार्जंट लुमिबाओ थबकला. मी गळा दाखवला, ओळखपाटी नव्हती. “आता मी कचेरीची नाही. लिहा. पुरिफिकासियोन एस्कांदोर. कुणाकडे, क्रिसांतो हागोस.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खरंच लिहिलं, सावकाश, आडनावाच्या अक्षरांसकट. मला बाकावर बसवून आत गेला.

बऱ्याच वेळाने बाहेर आला, तो टोपीशी चाळा करत.

“मानाय, तो म्हणतो, ह्या नावाच्या कुणाला मी ओळखत नाही.”

ह्याची मनाची तयारी होती. तरी मी बाकावरून उठले नाही.

“आणि डबा?” मी विचारलं.

“डबा ठेवून घेतला. म्हणाला, परत न्यायला पुढच्या रविवारी यावं लागेल.”